नाकाचा शेंडा आठवड्यात बारीक होत नाही

प्रति,
संपादक

महोदय,

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या पुरवणीत नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेविषयी आलेला मजकूर वाचला. 'नाकाचा शेंडा थोडा कापून बारीक करण्याची छोटीशी शस्त्रक्रिया, आठवड्याभरात कामावर' ही त्यातली ठळक ओळ. आठवड्याभरात कामावर जाता येते, एवढे खरे. 'कापून' आणि 'छोटीशी' हे दोन्ही शब्द मात्र चुकीचे आहेत आणि अशा ओळी वाचूनच लग्नाला सहा आठवडे उरले असताना शस्त्रक्रियेची तारीख मागितली जाते. नाकात सर्वांत अवघड काम शेंड्याचेच. नाकाच्या दांडीवरचा हाडाचा उंचवटा कानशीने घासणे त्यापुढे सोपे म्हणायचे.

आत काय असते ते आधी सांगतो. नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे कानात असते तशा लवचीक मऊ हाडाचा. शेंड्यात कमानीसारख्या वळलेल्या दोन कूर्चा असतात, डावी आणि उजवी. प्रत्येकीचा एक पाय दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीत उतरतो, दुसरा नाकपुडीवरून बाहेर गालाच्या दिशेने जातो आणि दोन्ही पाय जिथे वळतात तो घुमट. चेहऱ्यावर उजेड पडला की शेंड्यावर दोन ठिपके चमकतात, ते या घुमटांचे. ठिपक्यांतले अंतर ६ ते ८ मिलिमीटर असले की शेंडा रेखीव वाटतो. घुमट एकमेकांपासून दूर असले, कमान पसरट असली किंवा बाहेरचा पाय फुगीर असला, की शेंडा गोळ्यासारखा दिसतो. या रचनेला तिपाईची उपमा देतात आणि ती अजून कामाची आहे. मधले दोन पाय मिळून तिपाईचा एक पाय, बाहेरचे दोन वेगळे. मधला पाय लांब केला की शेंडा पुढे येतो आणि थोडा वर फिरतो. बाहेरचे पाय आखूड केले तरी वर फिरतो. मधला ढासळला की शेंडा ओठाकडे झुकतो. बाजूने पाहताना ओठ आणि नाक यांच्यातला कोन बायकांत साधारण ९५ ते ११० अंश आणि पुरुषांत ९० ते ९५ अंश असला की नजरेला खटकत नाही. पुरुषाचा शेंडा ११० वर नेऊन ठेवला तर तो आयुष्यभर मागे लागतो.

या सांगाड्यावर कातडी. ती सगळीकडे सारखी नसते: दोन भुवयांमध्ये जाड, दांडीच्या मध्यावर सर्वांत पातळ, शेंड्यावर पुन्हा जाड आणि तेलग्रंथींनी भरलेली. आपल्याकडे चाफेकळी नाकेही आहेत आणि बसकीही, पण शेंडा बारीक करून मागणाऱ्यांत जाड कातडी आणि खाली मऊ कूर्चा ही जोडी फार वेळा दिसते. सगळी गोम इथे आहे. जाड कातडी आतल्या सांगाड्याबरोबर हवी तेवढी आकसत नाही. मांडवाचे बांबू कापून आखूड केले तर कनात आखूड होत नाही, ती लोंबते. नाकातही तसेच. कूर्चा कापून सांगाडा लहान केला की कातडी आणि सांगाडा यांच्यात पोकळी राहते, तीत रक्त साचते, रक्ताचा व्रण होतो आणि शेंड्याच्या वर एक मऊ गोळा उभा राहतो. बाजूने पाहिले तर राघूची चोच. म्हणजे जाड कातडीचे नाक बारीक दिसायला हवे असेल तर आतला सांगाडा घट्ट करून थोडा पुढे आणावा लागतो, म्हणजे त्यावर कातडी ताणून बसते. लहान नाक मागायला आलेल्या माणसाला 'तुमचे नाक आम्ही काही मिलिमीटर पुढे आणणार' असे सांगितले तर तो खुर्चीतून उठतो, हे खरे आहे. पण सांगावे लागते. पातळ कातडीचा प्रश्न उलटा: तिच्याखालची प्रत्येक कड, प्रत्येक गाठ वर्षभराने उमटते. तिथे ग्राफ्टच्या, म्हणजे आत बसवलेल्या कूर्चेच्या तुकड्याच्या, कडा चेचून मऊ कराव्या लागतात किंवा वर स्नायूच्या आवरणाचा पातळ पदर घालावा लागतो.

शस्त्रक्रिया कशी होते? शेंड्याचे बहुतेक काम आज उघड्या पद्धतीने करतात. नाकपुड्यांमधल्या पट्टीच्या सर्वांत अरुंद जागी उलट्या व्ही आकाराचा, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासचा छेद, तो दोन्ही नाकपुड्यांच्या आतून कूर्चेच्या खालच्या कडेने पुढे नेतात आणि कातडी कूर्चेला लगटून वर उचलतात. बंद पद्धतीत बाहेर खूण राहत नाही, पण शेंड्याच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून मोजता येत नाहीत. पूर्ण भूल देऊन घशात गॉजची पट्टी भरतात, म्हणजे रक्त पोटात जाऊन उलट्या होत नाहीत. ती पट्टी मोजून बाहेर काढलेली नोंद शस्त्रक्रियेच्या कागदावर हवी. भुलीनंतर लिग्नोकेन (जागा बधिर करणारे) आणि १:१,००,००० अॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारे) टोचून १० मिनिटे थांबायचे असते. न थांबता सुरी लावली तर सगळे रक्तात दिसते आणि टाके अंदाजाने पडतात.

पुढचे काम शिवणकामाचे. आधाराला कूर्चा लागते, ती नाकाच्या पडद्यातून, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या आतल्या भिंतीतून घेतात. पडद्याच्या वरच्या आणि पुढच्या कडेला किमान १० मिलिमीटर रुंदीची, इंग्रजी एल अक्षरासारखी चौकट शाबूत राहिलीच पाहिजे. ही चौकट अरुंद राहिली तर काही महिन्यांनी नाकाची दांडी खोगिरासारखी खचते. घेतलेल्या कूर्चेची २० ते २५ मिलिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर रुंद पट्टी मधल्या दोन पायांमध्ये खांब म्हणून उभी करतात. शेंडा फार मऊ किंवा झुकलेला असेल तर खांब पुरत नाही, मग पडद्यालाच लांबवणारी पट्टी जोडून त्यावर शेंडा बांधतात. ती जास्त भरवशाची, पण हसताना शेंडा थोडा ताठ राहतो, हे आधी सांगितलेले बरे. नंतर बाहेरच्या पायाची वरची कड थोडी काढतात. कापण्याचे काम एवढेच आणि त्यालाही मर्यादा आहे: मागे ६ ते ७ मिलिमीटर रुंद पट्टी राहिली पाहिजे. मग प्रत्येक घुमटातून आरपार एक टाका, तो घुमट अरुंद करतो. दोन घुमटांना जवळ आणणारा एक टाका. धागा बारीक, ५-० जाडीचा: न विरघळणारा पॉलिप्रॉपिलीन किंवा सावकाश विरघळणारा पीडीएस. टाका फार आवळला तर दोन घुमटांचा एकच अणकुचीदार शेंडा होतो. बाहेरचा पाय दबेल असे वाटले तर नाकपुडीच्या कडेत २ ते ३ मिलिमीटर रुंदीची बारीक पट्टी सरकवतात. शेवटी बाहेर त्याहून बारीक ६-० नायलॉन, आत विरघळणारा धागा, वर चिकटपट्टी आणि स्प्लिंट, म्हणजे नाकाला आधार देणारे कडक आवरण. सगळे मिळून दोन ते तीन तास. आपल्या मजकुरातले 'पाऊण तासात' हे बहुधा फक्त नाकपुड्या अरुंद करण्याविषयी असावे. ते वेगळे काम आहे.

नाकपुड्या पसरट असणे आणि शेंडा जाड असणे यांत गल्लत फार होते. दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर आणि नाकपुड्यांची बाहेरची रुंदी सारखी असावी हा साधा ठोकताळा. शेंडा पुढे आणला की नाकपुड्या आपोआप थोड्या आत येतात, म्हणून त्यांच्यावरचा काप शेंडा झाल्यावर, शेवटी ठरवायचा. एका वेळी २ ते ३ मिलिमीटर. अरुंद झालेली नाकपुडी पुन्हा रुंद करणे जवळजवळ अशक्य असते.

आता बिघडते काय आणि का. बाहेरच्या पायाची कूर्चा जास्त कापली की सुरुवातीला शेंडा फोटोत छान दिसतो. सहा महिन्यांनी व्रण आकसू लागतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते आणि शेंड्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा घेतल्यासारखे खड्डे पडतात. त्यानंतर श्वास: जोरात आत ओढला की नाकपुडी आत चिकटते. जिना चढताना, पळताना, झोपेत हे जाणवते. याची चाचणी शस्त्रक्रियेआधी आरशासमोर करता येते. तोंड मिटून जोरात श्वास घ्या. नाकपुडीची भिंत आत्ताच आत जात असेल तर तुमच्या कूर्चा दुबळ्या आहेत, त्या आणखी कापून घेण्यात शहाणपण नाही. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत डॉक्टरने नाकात दिवा घालून पडदा पाहिला नाही, श्वासाबद्दल विचारले नाही आणि थेट मोबाइलवर बदललेला चेहरा दाखवला, तर दुसरा डॉक्टर शोधावा असे आमचे मत आहे.

दुसरी बाब रक्तपुरवठ्याची. उघड्या पद्धतीत मधल्या पट्टीतल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, शेंड्याची कातडी मग नाकपुड्यांच्या वरून येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. अशा वेळी कातडीखालची चरबी खरवडण्याचा अतिरेक केला आणि त्याच बैठकीत नाकपुड्यांचा काप नाकपुडीभोवतीच्या खोबणीच्या वर नेला, तर शेंडा काळा पडू शकतो. तंबाखूने हा धोका वाढतो आणि इथे मिश्री लपवली जाते. सिगारेट ओढत नाही असे सांगणाऱ्या बाईंना मिश्रीबद्दल वेगळे विचारावेच लागते. निकोटिन हिरडीतूनही रक्तात जाते. सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळे किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल आठवडा-दहा दिवस आधी थांबवतात, पण हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती गोळी देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

तिसरी बाब क्वचित घडते, पण तिला वेळ नसतो. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च बंद झाल्या, ठणका वाढला, ताप आला, तर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचले असण्याची शक्यता आहे. ते त्याच दिवशी काढावे लागते. थांबले तर कूर्चा उपाशी मरते आणि दांडी खचते. 'सूज आहे, उतरेल' हे फोनवर ऐकून घरी बसू नये.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचे प्रमाण जाणकार ५ ते १५ टक्के सांगतात आणि ती वर्ष उलटल्याशिवाय करू नये. तोवर पडद्यातली कूर्चा संपलेली असते. मग कानातून घ्यावी लागते, ती वाकडी आणि मऊ, किंवा बरगडीतून. बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ साली दाखवून दिले की बरगडीच्या गाभ्यातून समतोल काप घेतला तर वाकणे कमी होते, आणि आजही कापलेली पट्टी सलाइनमध्ये काही वेळ ठेवून ती वाकते का हे पाहूनच वापरतात. सिलिकॉनची तयार पट्टी स्वस्त आणि झटपट, पण शेंड्यावर तिचा दाब सतत राहतो. कातडी पातळ होत जाते, लाल होते आणि एक दिवस पट्टी बाहेर डोकावते. शेंड्यात सिलिकॉन नको. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको असेल तर हे आधीच विचारून घ्यावे: आधाराला काय वापरणार आणि ते कुठून घेणार.

आता वेळापत्रक, कारण आपल्या वाचकांचे नुकसान सर्वांत जास्त तिथे होते. सूज दोन-तीन दिवसांत सर्वाधिक वाढते. डोके दोन-तीन उश्यांवर उंच, बर्फ डोळ्यांवर, नाकावर नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी बाहेरचे टाके, सातव्या दिवशी स्प्लिंट. दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून. दिवसातून चार-पाच वेळा सलाइनचा फवारा. स्प्लिंट काढल्यावर शेंडा फुगलेला, ताठ, बधिर आणि हवा त्यापेक्षा वर दिसतो. वर ठेवलेला असतो तो मुद्दाम, कारण पुढच्या काही महिन्यांत तो थोडा खाली बसतो. याच दिवसांत घरचे 'काय करून ठेवलेस नाकाचे' म्हणतात. सहा आठवड्यांत दांडीची बरीच सूज उतरते, शेंड्याची नाही. शेंडा सर्वांत शेवटी उतरतो: पातळ कातडीत वर्ष, जाड कातडीत दीड-दोन वर्षे. सकाळी जास्त फुगलेला, संध्याकाळी कमी, हे महिनोन्महिने चालते. रात्री शेंड्याच्या वर चिकटपट्टी लावणे जाड कातडीत काही आठवडे उपयोगी पडते. गोळा राहिलाच तर काही आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन हे सूज आणि व्रण कमी करणारे स्टेरॉइड, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे, एक-दोन दशांश मिलिलिटर, खोलवर. कातडीतच टोचले तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो.

म्हणून मे महिन्यातल्या लग्नासाठी शस्त्रक्रिया आदल्या मेमध्ये हवी, मार्चमध्ये नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण नकटीवर अन्याय करणारी आहे, पण निम्म्या उतरलेल्या सुजेने लग्नाचे फोटो काढणे हे अठराशेवे विघ्न स्वतःहून ओढवून घेणे होय. नथीचेही विचारले जाते. चमकी शस्त्रक्रियेआधी काढावी लागते. छिद्र बुजू नये म्हणून बारीक धागा चालेल का, हे छिद्र कुठे आहे त्यावर ठरते. जड नथ तीन महिने तरी नको, दाबाची नथ त्याहून नको, कारण ती नेमकी नाकपुडीच्या कडेतल्या नव्या पट्टीवर बसते. आणि मुंबईचे म्हणून काही: सहा आठवडे गर्दीच्या वेळची लोकल टाळावी. डब्यात शिरताना बसणारे कोपर नाकाच्या उंचीवरच असते. ढोलपथकात असाल तर गणपतीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. उन्हात टोपी, कारण ताज्या व्रणावर आणि सुजलेल्या शेंड्यावर ऊन काळे डाग सोडते.

मोबाइलचा सेल्फी घेऊन 'एवढे मोठे नाक कमी करा' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साधारण १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासात दिसले. निदान पाच फुटांवरून, दुसऱ्याने, समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि खालून असे सहा फोटो काढून मग बोलावे.

ब्युटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर 'विनाशस्त्रक्रिया टोकदार नाक' देणाऱ्यांकडच्या धोक्याबद्दल आपल्या मजकुरात चकार शब्द नाही, उलट तो पर्याय 'सुरक्षित' म्हटला आहे. फिलर, म्हणजे आकार भरण्यासाठी कातडीखाली टोचायचा पदार्थ; तो टोचण्यासाठी नाक ही चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. नाकाच्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. फिलर वाहिनीत गेले तर शेंड्याची कातडी मरते आणि क्वचित दृष्टी जाते, तीही काही मिनिटांत. टोचताना असह्य ठणका, कातडी पांढरी पडणे, मग जाळीसारखे निळसर डाग, किंवा डोळ्यासमोर अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तिथल्या तिथे हायलुरोनिडेज हे फिलर विरघळवणारे औषध द्यावे लागते. ते औषध खोलीत नसेल तर तिथे फिलर घेऊ नये. आणि ते चालते फक्त हायलुरोनिक आम्लाच्या फिलरवर, इतर फिलर त्याने विरघळत नाहीत. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकात हा धोका आणखी मोठा, कारण वाहिन्या जागच्या जागी राहिलेल्या नसतात. धाग्यांनी शेंडा वर ओढण्याचाही प्रकार आहे. फायदा काही महिन्यांचा, धागा कातडीतून बाहेर आला की डाग कायमचा.

कागदपत्रांचेही थोडे. डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी पाहता येते. पदवी प्लास्टिक सर्जरीची किंवा कान-नाक-घशाची हवी, भूलतज्ज्ञ स्वतंत्र हवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. शस्त्रक्रियेची टिपणी, म्हणजे काय काढले, काय घातले, कुठला धागा, त्याच आठवड्यात मागून घ्यावी. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तीच सोन्याची ठरते. आरोग्य विमा केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया देत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. अपघातात चेपलेले किंवा दुभंगलेल्या ओठाबरोबर जन्मतः वाकडे असलेले नाक या करातून सुटते. अशा रुग्णांसाठी के. ई. एम., नायर, शीव आणि जे. जे. रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, ते आपल्या मजकुरात यायला हवे होते.

मजकुराच्या शेवटी 'ही कला आपल्या सुश्रुताचीच' असे आहे. सुश्रुताचे आणि १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानावर झालेले काम कापलेले नाक पुन्हा उभे करण्याचे होते. सुश्रुताने गालाची कातडी घेतली, कावसजीच्या वेळी कपाळाची, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आल्यावर युरोपात तो प्रकार सुरू झाला. धडधाकट नाकाचा शेंडा बाहेर खूण न ठेवता बारीक करण्याचे काम १८८७ साली अमेरिकेतल्या जॉन रो यांनी छापून आणले. पहिल्या कामाचा अभिमान जरूर धरावा, पण त्याच्या पुण्याईवर दुसऱ्याची जाहिरात करू नये.

जाहिरात म्हणण्याचे कारण, मजकुरासोबत छापलेले 'आधी' आणि 'नंतर'चे दोन फोटो. पहिला समोरून, वरच्या दिव्याखाली; दुसरा तिरका, मेकअप करून, हनुवटी वर. 'नंतर' म्हणजे किती दिवसांनी, हे कुठेच नाही. पुढच्या वेळी असे फोटो छापताना दोन्ही एकाच कोनातून, एकाच उजेडात घ्यावेत, एक खालून काढलेला असावा, आणि फोटोखाली शस्त्रक्रियेनंतर किती महिने झाले तो आकडा द्यावा. तो १२ पेक्षा कमी असेल तर फोटो छापू नये. पुढच्या अंकात 'कापून' आणि 'छोटीशी' या दोन शब्दांची दुरुस्तीही छापावी, ही विनंती.

आपले,
नाकाच्या शस्त्रक्रिया करणारे आणि त्यांत भूल देणारे काही डॉक्टर
दादर, मुंबई